संत गाडगे बाबा : घर, पैसा आणि खराटा



शतक महोत्सवाच्या स्मरणिकेत कोणाकोणाची चरित्रं घ्यायची यावर आमच्या मंडळींत बरीच चर्चा झाली. ज्ञानोबाराय, तुकोबाराय, नामदेवराय, सावता महाराज, जनाबाई ही नावं तर आपसूक आलीच. मग एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी विचारलं की आपल्याच वऱ्हाडातले बाबा कुठे आहेत? थोडा वेळ सगळे गप्प बसले. एक जण म्हणाला, बाबा काही माळकरी परंपरेतले नव्हेत, त्यांनी गुरू केला नाही की शिष्य केला नाही, पंढरीला येऊनही ते म्हणे देवळात जात नसत. ते खरंच आहे. पण पंढरीत ज्याला कोणी ओसरीवर बसू दिलं नाही, त्याच्यासाठी छप्पर बांधणारा माणूस वारकऱ्यांचा नाही तर कोणाचा, असं त्या विणेकऱ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून हा लेख. आम्ही काही विद्वान नाही. वाचलेलं, ऐकलेलं आणि जुन्या माणसांनी सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. नाव डेबूजी, वडिलांचं नाव झिंगराजी, आईचं सखूबाई, आडनाव जानोरकर, जात परीट. घरात खायला फार नव्हतं आणि होतं त्यात दारूचा वाटा मोठा. त्या काळी जातीच्या जेवणावळीत, बारशाला, तेराव्याला बकरं आणि दारू हवीच, नाहीतर पंचांचं तोंड वाकडं. झिंगराजी त्या दारूतच गेले. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा. मरताना त्यांना आपलं चुकलं हे कळलं होतं, असं सांगतात. ते खरं असो नसो, पोराच्या मनावर त्या मरणाचा जो चरा उमटला तो पुढे आयुष्यभर पुसला नाही. बाबांचं कीर्तन कुठेही असो, दारूचा विषय निघाल्याशिवाय ते संपत नसे.

सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे मामा चंद्रभान यांचं शेत होतं. डेबू गुरं राखू लागला, मग नांगर धरू लागला. अंगाने दणकट, कामाला वाघ. गुरांवर इतका जीव की आधी त्यांना धुणार, चारा घालणार, मग स्वतःच्या भाकरीला हात लावणार. रात्री गावातली पोरं जमवून भजन. आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे की डेबूजीला देव देवळात भेटला नाही, गोठ्यात भेटला. आम्हाला हे पटतं. ज्याने गोठा झाडला त्याला पुढे गाव झाडायला लाज कशाची?

आता पैशाची गोष्ट, कारण बाबांचं सगळं आयुष्य तिथून वळलं.

मामांनी सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. कागदावर काय लिहिलंय हे मामांना वाचता येत नव्हतं. सावकार सांगेल तो आकडा, सावकार म्हणेल ते व्याज. पीक निघालं की पोती त्याच्या घरी जायची, मामांना वाटायचं फिटत आलं. फिटलं काहीच नव्हतं. एक दिवस कळलं की शेत गेलं. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी शेतात आडवा उभा राहिला आणि त्यांना हुसकून लावलं, ही गोष्ट दापुऱ्याकडे आजही सांगतात. पण मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. घराचा कर्ता गेला आणि सगळा भार डेबूजीच्या अंगावर पडला.

आमच्यातल्या किती घरांत हीच गोष्ट झाली असेल! आमच्या आज्यापणज्यांच्या अंगठ्याचे कागद कोणाकोणाच्या पेटीत पडून होते ते देवालाच ठाऊक. म्हणून बाबा कीर्तनात शाळेचा विषय काढत तेव्हा तो कोरडा उपदेश नसे. घरातली भांडी विका, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते कळवळून सांगत. अक्षर न येणाऱ्याचं शेत कसं जातं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतः मात्र ते शाळेत गेले नव्हते.

१८९२ मध्ये डेबूजीचं लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई. पहिली मुलगी झाली आणि बारशाची वेळ आली. जातभाई जमले, दारू आणि मटणाची वाट बघत बसले. डेबूजीने पानात गोड वाढलं. लोक रागावले, कुजबुजले, उठून जातो म्हणाले. डेबूजी हलला नाही. बापाला ज्या पंगतीने मारलं ती पंगत आपल्या दारात बसणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. एका बारशाचा खर्च वाचला एवढाच हा विषय नाही. त्या काळी जातीपुढे असं उभं राहणं म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणं.

शेत पुन्हा उभं राहिलं. खाऊनपिऊन बरं चाललं. आणि १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघून गेला. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि एक मडकं.

इथे आम्हाला थोडं थांबावं लागतं.

चरित्रं लिहिणारे या पहाटेचं वर्णन मोठ्या प्रेमाने करतात. सिद्धार्थाची आठवण काढतात. पण आमच्या दिंडीत निम्म्या बाया आहेत आणि हा भाग वाचून दाखवला तेव्हा त्यांच्यातल्या एकीने सरळ विचारलं, मागे राहिलेल्यांचं काय? घरात म्हातारी आई होती. तिने नवरा दारूत घालवला, भाऊ कर्जात घालवला, आता पोटचा पोर गेला. कुंताबाई होती, लेकरं होती. शेतात कोण राबलं? त्या पहाटेनंतरची संध्याकाळ त्या घरात कशी गेली असेल? आमच्या वाचनात आलेल्या कोणत्याच पुस्तकात त्यावर पानभर मजकूर नाही.

हा प्रश्न आम्हाला झोंबला, कारण तो आम्हालाही लागू आहे. आपल्याकडून पंढरी पायी गाठायची तर महिना लागतो. आषाढीला पोचायचं म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावर किंवा त्याआधी निघावं लागतं. आम्ही टाळ वाजवत पुढे निघतो आणि मागे मृग बरसतो. पेरणी करतात घरच्या बाया. बियाणं आणतात त्या, तिफणीमागे चालतात त्या, दुबार पेरणीची वेळ आली तर उधारीसाठी दुकानाच्या पायऱ्या चढतात त्या. आणि परत आल्यावर लोक पाया पडतात आमच्या! दिंडीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात विणेकऱ्यांची, चोपदारांची नावं वहीत आहेत. पेरणी करणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. या स्मरणिकेत निदान एवढी कबुली तरी छापून यावी.

बाबांकडे परत येऊ. घर सोडल्यावर बारा वर्षं ते नुसते हिंडले. ते हिंडणं म्हणजे तीर्थाटन नव्हे. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, दोन पायांत दोन तऱ्हेचे जोडे. हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. ते गाडगं कधी डोक्यावर टोपीसारखं, कधी खाण्याचं ताट, कधी पाण्याचं भांडं. त्यावरून लोकांनी नाव पाडलं गाडगे बाबा. कुठे गोधडे बाबा म्हणत, कुठे चिंधे बाबा.

गावात शिरले की कोणाच्या घरी न जाता आधी झाडायला लागायचे. उकिरडा, गटार, चावडीपुढचं अंगण, जे दिसेल ते. वेडा आहे म्हणून पोरं खडे मारायची. कोणाच्या शेतात काम दिसलं की न विचारता हात लावायचा, कडबा रचायचा, लाकडं फोडायची. मग भाकरी मागायची. काम आधी, भाकरी मागून, हा त्यांचा नेम. बसून खाणं त्यांना भीक वाटे आणि काम करून मागितलेला कोरका हक्काचा. त्यातही चटणी-भाकरी मिळाली तर ठीक, कोणी पंचपक्वान्नाचं ताट पुढे केलं तर ते नको. कोणी ओळखलं, पाया पडायला आलं, हार आणला की त्या गावातून पळ काढायचा.

संध्याकाळी कीर्तन. ते कीर्तन आपल्या फडावरच्या कीर्तनासारखं नव्हतं. त्यात पूर्वरंग-उत्तररंगाची आखणी नसे, मृदंग-वीणा नसली तरी चाले. कधी दोन दगडच टाळ म्हणून वाजवत. बाबा प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. देव नवस मागतो का, बकरं मागतो का, शेजारच्या महाराच्या सावलीने देव बाटतो का, असं एक एक विचारत विचारत माणसाला त्याच्याच तोंडून कबूल करायला लावत. भाषा अस्सल वऱ्हाडी. हसवत हसवत रडवत. आमच्या दिंडीतल्या आता हयात नसलेल्या दोघातिघांनी ते कीर्तन ऐकलेलं होतं. त्यांना विचारलं की काय ऐकलंत, तर शब्द आठवत नसत, पण दुसऱ्या दिवशी घरातला दारूचा गडू उकिरड्यावर फेकला एवढं आठवे.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबा हयात असतानाच त्यांचं चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले आणि मग त्यांनी लिहिलं. ज्यांना जास्त वाचायचं आहे त्यांनी ती पुस्तकं जरूर मिळवावीत.

आपल्याला अधिक जवळचं आहे ते ऋणमोचन. पूर्णेच्या काठचं हे गाव, मुद्गलेश्वराचं ठिकाण. पौष महिन्यात रविवारी इथे यात्रा भरते. तेव्हा नदीवर घाट नव्हता. यात्रेकरू चिखलातून घसरत उतरायचे, म्हातारी माणसं पडायची, बायांना आडोसा नसायचा. बाबा तिथे आले की उतार खणून वाट करायचे, घसरलेल्यांना हात द्यायचे. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांनी तिथे पक्क्या घाटाचं काम उभं केलं. बाबांनी बांधलेल्या कामांत हे अगदी पहिलं. आम्हाला गंमत वाटते ती गावाच्या नावाची. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. ज्याच्या घराचं शेत कर्जात बुडालं त्याच्या हाताने पहिला दगड बसला तो ऋणमोचनाला. बाबांनी ते ठरवून केलं नसेल. पण पूर्णेत आंघोळ करताना आम्हाला दर वेळी हे आठवतं.

आणि मग पंढरपूर.

आज आपण चंद्रभागेत स्नान करून बारीत उभं राहतो, कोणी जात विचारत नाही. त्या काळी असं नव्हतं. महार, मांग, चांभार वारकरी शेकडो कोस चालत यायचे. चोखोबांची पायरी शिवून परत फिरायचे. देऊळ तर बंदच, पण मुक्कामालाही कोणी जागा देत नसे. आषाढातला पाऊस, वाळवंट, लेकरंबाळं. तिथे बाबांनी १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. देऊळ सर्वांना उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे तीस वर्षं आधी एका परटाने विठ्ठलाच्या गावात त्याच्या दाराबाहेरच्या लेकरांची सोय केली. बाबा देवळात जात नसत याचं आम्हाला पूर्वी नवल वाटायचं, थोडा रागही यायचा. आता वाटत नाही. आषाढीला बाबांचं काम वाळवंटात असे. घाण उचलणं, आंधळ्यापांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घालणं. आपण दर्शन घेऊन कळस बघून समाधानाने परत यायचो तेव्हा आपण मागे टाकलेली घाण कोण काढत होतं याचा विचार आम्ही तरी कितीदा केला?

पुढे पंढरपुरात मराठा धर्मशाळा झाली. आळंदी, देहू, नाशिक इथे झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा, विद्यालय. मुंबईत जे. जे. रुग्णालयात खेड्यातून येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांचे हाल पाहिले आणि १९५४ मध्ये तिथे धर्मशाळा उभी केली. रोगी खाटेवर आणि त्याची बायको रस्त्यावर, हे ज्यांनी भोगलंय त्यांना त्या इमारतीची किंमत सांगायला नको. आमच्यातल्याही काही घरांनी तिथे रात्री काढल्या आहेत.

या सगळ्याला पैसा लागला. लाखो रुपये. बाबा तो मागत, आणि मागायला लाजत नसत. मुंबईचे शेठ, व्यापारी, कंत्राटदार, गावचे पाटील, सगळ्यांकडे मागत. पण स्वतःसाठी पैशाला हात लावत नसत. देणाऱ्याने पैसा कामाच्या ठिकाणी द्यायचा, हिशेब ठेवणाऱ्याने ठेवायचा. इमारत बांधून झाली की बाबा तिथून निघून जात. धर्मशाळा विश्वस्तांच्या हवाली करायची आणि बाबांच्या वारसांचा किंवा नातलगांचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही हे कागदावर पक्कं करून ठेवायचं. मामाचं शेत कागदाने गेलं होतं. बाबांनी कागदाची ताकद ओळखली आणि ती गरिबाच्या बाजूने वापरली. हा फार मोठा शहाणपणा आहे असं आम्हाला वाटतं. बुवाबाजीत पैसा कुठे मुरतो ते आपण जाणतो. बुवा चांगला असतो, पण बुवाचा पुतण्या, बुवाचा मेव्हणा येतो आणि मठाला कुलूप पडतं.

आमच्याच दिंडीत एका वर्षी भिशीच्या हिशेबात घोळ झाला होता. रक्कम मोठी नव्हती. कोणाचं नाव घ्यायचं नाही, माणूस आता नाही. पण दोन वर्षं एका पंगतीत बसणारे लोक एकमेकांशी बोलत नव्हते, मुक्कामाला दोन पालं वेगळी पडली. तेव्हापासून गोपाळकाला झाला की तिथेच सगळ्यांसमोर वही वाचून दाखवायची हा नेम पडला. भिशी कोणी किती दिली, किराणा केवढ्याचा, ट्रकचं भाडं किती, उरले किती. ज्याची ऐपत नाही त्याची भिशी माफ, पण कर्ज काढून कोणी वारीला यायचं नाही, हाही नेम त्याच वेळी झाला. लग्नाला, तेराव्याला, सणाला कर्ज काढू नका हे बाबा आयुष्यभर सांगत होते. वारीचं नाव आम्ही त्यात घातलं, एवढंच.

पैशाला हात न लावण्याची ही कडक शिस्त बाबांनी घरच्यांनाही लावली. इथे पुन्हा कुंताबाई येतात. बाबांच्या नावाने मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या, हजारो लोक तिथे झोपत होते आणि कुंताबाई झोपडीत राहत होत्या. धर्मशाळेतली खोली त्यांना नाही, सदावर्तातलं अन्न फुकट नाही. राबायचं आणि खायचं, सगळ्यांना जे तेच त्यांना. कोणी भाविकाने आईसाहेब म्हणून लुगडं नेसवलं तर ते बाबांना खपत नसे. ही शिस्त किती कठोर वाटते! पण ती नसती तर चार वर्षांत धर्मशाळा घरच्यांची झाली असती, हेही दिसतं. आमच्यात यावर दोन मतं आहेत आणि ती तशीच राहू देत.

सर्वांत अवघड प्रसंग १९२३ चा. बाबांचा मुलगा गोविंदा. कर्तासवरता होत आलेला. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि तो गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना निरोप आला. बाबांनी तो ऐकला आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. रोज कितीतरी आयांची लेकरं जातात, मग आपल्या एकासाठी वेगळं का रडायचं, अशा अर्थाचं काही ते बोलले आणि नामघोष सुरू केला.

कीर्तनकार हा प्रसंग सांगतात तेव्हा मंडप सुन्न होतो. आम्हीही सुन्न झालो आहोत. बाबांच्या मनात काय झालं असेल याची कल्पना करण्याची आमची पात्रता नाही. पण त्याच रात्री, शेकडो कोसांवर, कुंताबाईंच्या हातात टाळ नव्हता, पुढे हजार माणसांचा समुदाय नव्हता. त्यांनी ते दुःख कशाच्या आधाराने सोसलं? बाबांचं थोरपण सांगताना त्यांच्या नावाने डोळ्यांत पाणी आलं तर बाबांचा त्यात काही अपमान होत नाही असं आम्ही समजतो.

बाबांच्या कामाला मोठी माणसं जोडली गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा जिव्हाळा होता. कराडला १९५४ मध्ये भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने महाविद्यालय काढलं त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं. शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाने महाविद्यालय, आणि पुढे तर अमरावतीच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव लागलं! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाबांबद्दल फार आदर होता आणि बाबांना त्यांच्याबद्दल. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. आपण घाम गाळून बांधलेलं घर दुसऱ्याच्या हातात देऊन टाकणं, तेही हिशेब न मागता! आमच्या गावात बांधावरच्या एका बाभळीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं यांचा कारभार एका घडीत बसला. बाबांचं शरीर तोपर्यंत थकलं होतं. तरी हिंडणं चालूच. लोक म्हणत, बाबा, आता एखाद्या धर्मशाळेत निवांत बसा. एवढी घरं बांधलीत, एक खोली तुमची. पण बाबा कुठेच टिकले नाहीत. दिवस उजाडला की खराटा, आणि गाव झाडून झालं की पुढचं गाव. ते काम करताना त्यांच्या तोंडावर जो आनंद असे त्याबद्दल आमचे जुने लोक अजून बोलत असत. झाडणं ही त्यांची शिक्षा नव्हती, व्रतही नव्हतं. आपल्याला अभंग म्हणताना जे होतं ते त्यांना झाडताना होत असावं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे, आणि तेच शेवटचं ठरलं. आमच्यातल्या एका पोराने मोबाईलवर ते लावून सगळ्या मुक्कामाला ऐकवलं होतं. आवाज म्हातारा, पण लोकांकडून उत्तर काढून घेण्याची ती जुनीच रीत. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. बाबा त्या बातमीने फार खचले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांना गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण ठेवला. छपराखाली नाही, अंथरुणावर नाही, रस्त्यात. वय ऐंशी.

अमरावतीला त्यांची समाधी आहे, ती वस्ती आता गाडगेनगर म्हणून ओळखली जाते. आमची दिंडी निघण्याआधी दोनचार जण तिथे जाऊन नारळ ठेवून येतात. मागच्या खेपेला आमच्याबरोबर एक ऐंशीच्या घरातल्या बाई होत्या, जन्मभर पेरणी सांभाळून पहिल्यांदाच वारीला निघालेल्या. त्यांनी नारळ खाली ठेवला, पदर खोचला, कोपऱ्यात टेकवलेला खराटा उचलला आणि पायऱ्या झाडायला लागल्या. आम्ही बाजूला उभे राहिलो.